मोडीत काढण्याआधी: दुरुस्तीच्या शब्दांवर वाचकांची प्रश्नोत्तरे

‘गेलं’, ‘बाद झालं’, ‘खराब झालं’ असं म्हणून आपल्याकडे रोज कितीतरी वस्तू घराबाहेर पडतात. या खेपेच्या पत्रांत इमारत आहे, पितळी पातेलं आहे, पैठणी आहे, देऊळ आहे आणि पुरात भिजलेली दप्तरंही आहेत. प्रश्न मात्र फिरून फिरून एकच: वस्तू अजून वाचण्यासारखी आहे, हे सांगायचं कोणत्या शब्दांत? माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. काय झालंय ते सांगणारा शब्द आधी यावा आणि निवाडा देणारा नंतर. आपण नेमकं उलटं करतो, आणि म्हणून दुरुस्त होण्यासारख्या वस्तू भंगारात जातात. जिथे धोका खरा असतो तिथे तो नजरेआड होतो, तेही याच सवयीमुळे.

प्रश्न : आमच्या इमारतीला पस्तीस वर्षं झाली. संरचनात्मक तपासणीत ‘सी-२ ब’ असा शेरा आला आहे. सगळीकडे ‘धोकादायक’ हाच शब्द फिरतोय आणि निम्मे सभासद इमारत पाडणार असं धरून बसलेत. इतिवृत्तात काय लिहू?
(गृहनिर्माण संस्थेच्या सचिव, डोंबिवली)

‘धोकादायक’ हा शब्द एकटा लिहू नका. राज्यातल्या महापालिका अशा इमारतींचे चार वर्ग करतात आणि चौघांचं भवितव्य वेगळं असतं. सी-१ म्हणजे अतिधोकादायक. राहण्यास अयोग्य, लगेच रिकामी करून पाडायची. सी-२ अ म्हणजे इमारत रिकामी करून, गरज पडल्यास काही भाग उतरवून संरचनात्मक दुरुस्ती करायची. सी-२ ब म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. तुमची इमारत तिसऱ्या वर्गात आहे. ती आजारी आहे, उपचार सांगितलेला आहे आणि तो राहत्या घरात होणार आहे. सभासदांना हे चारही वर्ग एका कागदावर लिहून द्या. भीती निम्मी ओसरेल.

आता उरलेल्या निम्म्या भीतीबद्दल. ती ओसरू नये, असं मला वाटतं. ‘संरचनात्मक’ हा शब्द सभासद वाचतात आणि पुढे जातात. त्याचा अर्थ असा की दुखणं गिलाव्याचं नाही, इमारतीचा भार पेलणाऱ्या खांब-तुळयांचं आहे. रंगकामाच्या खर्चात ते बसत नाही आणि पुढच्या पावसाळ्यावर ढकलता येत नाही.

अहवालाबरोबर इमारतीची एक फेरी मारा आणि दिसेल ते नेमक्या शब्दांत टिपा. गिलाव्यावर केसाएवढी बारीक रेघ असते, ती चीर. ती बहुधा वरवरची असते. चीर रुंद होऊन आत उतरली की भेग. भिंत किंवा तुळई आरपार दुभंगू लागली की तडा. गिलाव्यावर टिचकी मारल्यावर ‘पोकळ वाजतो’ असं गवंडी म्हणतो, तेव्हा गिलाव्याने आतली पकड सोडलेली असते. खांबाच्या कडेला उभी भेग आणि तिच्यातून तांबूस ओघळ दिसला तर आतला गज गंजला आहे. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतं, त्यामुळे ते आतून काँक्रीटला रेटतं, काँक्रीटचे पापुद्रे सुटतात आणि गज उघडा पडतो. उघड्या गजाला हवा-पाणी लागलं की तो आणखी वेगाने गंजतो. म्हणून ‘खांब क्र. ४, तळमजला, पश्चिम बाजू, उभी भेग, तांबूस ओघळ’ ही नोंद ‘पार्किंगमध्ये थोडं क्रॅक आहे’ यापेक्षा शंभर पटीने उपयोगाची. अभियंत्याला ती वाचून कुठे पाहायचं ते कळतं. पुढच्या वर्षी भेग वाढली की नाही, हेही तिच्यावरूनच ताडता येतं.

ठरावाचं वाक्य असं करा: ‘तपासणी अहवालानुसार इमारत सी-२ ब वर्गात असून ती रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती करणे आवश्यक आहे. दुरुस्तीपर्यंत पार्किंगमधील खांबांना टेकू द्यावेत की नाही, याबाबत अभियंत्यांचा लेखी अभिप्राय घ्यावा.’ आणि एक विनंती. कुणाच्या दबावाखाली ‘संरचनात्मक’च्या जागी ‘किरकोळ’ लिहू नका. सी-१ ची इमारत वाचवण्यासाठी शब्द मवाळ करणाऱ्या संस्था असतात. तिथे राहणाऱ्या माणसांशी तो द्रोह आहे.

प्रश्न : माझा मुलगा आठ वर्षांचा. घरी आम्ही मराठीच बोलतो, पण त्याच्या लेखी सगळं ‘तुटतं’. चष्मा तुटला, कप तुटला, टॅब तुटला, पँट तुटली. त्याला वेगळे शब्द कसे शिकवू? आणि एवढं वेगळेपण खरंच लागतं का?
(एक आई, न्यू जर्सी)

लागतं. मराठीत क्रियापद ऐकलं की वस्तूचं पुढे काय होणार याचा अंदाज येतो, म्हणून लागतं. लांबट, ताणलेली वस्तू तुटते: दोरी, माळ, चपलेचा पट्टा. ठिसूळ किंवा पोकळ वस्तू फुटते: कप, बाटली, माठ. कडक, उभी वस्तू मोडते: खुर्चीचा पाय, छत्रीची काडी, पेन्सिलीचं टोक, हातापायाचं हाड. कापड आणि कागद फाटतात. इतकं तर तो महिन्याभरात शिकेल.

खरी गंमत पुढच्या शब्दांत आहे, कारण ते सगळे आशेचे शब्द आहेत. चष्म्याची दांडी ‘निखळली’ म्हटलं की दांडी आणि चौकट दोन्ही शाबूत आहेत, मधला बारीक स्क्रू पडलाय, एवढं एका शब्दात कळतं. खांदाही निखळतोच आणि वैद्य तो बसवतो. पँट ‘उसवली’ म्हणजे कापड ठीक आहे, शिवण सुटली, दोन टाके पुरे. कपाला ‘टवका गेला’ म्हणजे काठाची कपची उडाली, कप अजून चहा धरतो. टॅबची काच ‘तडकली’ म्हणजे भेग गेली पण काच जागेवर आहे. टॅब ‘बिघडला’ म्हणजे बाहेरून धड, आत दोष. ‘बंद पडला’ म्हणजे त्याहून कमी, कदाचित चार्जिंग संपलं असेल. टेबल ‘डुगडुगतं’ म्हणजे एक पाय आखूड आहे किंवा सांध्यात फट पडलीय, लाकडाची पाचर ठोकली की काम झालं. स्क्रूचे ‘आटे गेले’ असतील तर कितीही पिळा, पकडणार नाही. स्क्रू बदलायचा, फळी फेकायची नाही. बांबू किंवा हाड ‘पिचतं’, म्हणजे वरून अखंड दिसतं आणि आत चुरा होतो. दिसताना बरं दिसतं म्हणून हे दुखणं जास्त जपून हाताळायचं.

शिकवायची रीत सोपी ठेवा. ‘तुटलं’ म्हणत तो आला की ‘कुठे?’ असं विचारा आणि वस्तू हातात घेऊन सांधा, कड, शिवण, काच दाखवा. मग शब्द द्या. याद्या पाठ करून घेऊ नका. शनिवारी घरात एखादी खरी दुरुस्ती काढा आणि त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर द्या. हाताने केलेल्या कामाचा शब्द मुलं विसरत नाहीत.

प्रश्न : आजीचं पितळी पातेलं आहे. जावा म्हणतात, ‘आता त्याचा उपयोग नाही, मोडीत घाला.’ दुकानदार म्हणाला, ‘कल्हई गेलीय आणि पोचे आलेत, बाकी भांडं ठणठणीत.’ कुणाचं खरं?
(एक वाचक, सातारा)

दुकानदाराचं. त्याने पातेलं पाहून दोन दोष सांगितले आणि दोन्ही भरून येणारे आहेत.

कल्हई म्हणजे आतून दिलेला कथलाचा पातळ थर. तो वापराने झिजतो, तो झिजायचाच. कथील साधारण २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून कल्हईवाल्याला भट्टी फार मोठी लागत नाही. तो भांडं तापवतो, नवसागराची पूड टाकून आतला पृष्ठभाग साफ करतो, कथलाची कांडी टेकवतो आणि कापसाच्या बोळ्याने वितळलेलं कथील गरागरा फिरवतो. पांढरा धूर उठतो, तो नवसागराचा. धूर ओसरताच तळ चांदीसारखा लखलखतो. करून घेताना ‘शुद्ध कथील’ असं बजावून सांगा. शिशाची भेसळ पोटात जाणारी असते. कल्हई नसलेल्या पितळेत ताक किंवा आमटी ठेवली की ती कळकते, हे तुमच्या आजींना ठाऊक असणार. तुम्हीही कल्हई होईपर्यंत त्यात चिंच, टोमॅटो, दही घालू नका. कोरडं धान्य खुशाल ठेवा.

पोचा म्हणजे आत दबलेला खळगा. तो ठोकून काढता येतो. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांबटांचं मठारकाम आजही चालतं. हातोडीचे एकसारखे, एकाशेजारी एक घाव घालत पत्रा घट्ट आणि चकचकीत करायचा, हे ते काम. भांडं गळत असेल तर आधी पाणी भरून कुठून गळतं ते पाहा. चिरेतून किंवा छिद्रातून गळत असेल तर ‘डाग’ देऊन ते बुजवता येतं, म्हणजे धातू वितळवून जागा सांधायची. कान सुटला असेल तर रिव्हेट. पण बूड झिजून कागदासारखं झालं असेल, अंगठा दाबल्यावर ते लवत असेल, तर मात्र जावांचं म्हणणं खरं ठरेल. मोडीत वजनाने भाव मिळतो, घडणावळ धरली जात नाही. म्हणून तो शेवटचा पर्याय.

प्रश्न : शाळेच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत बंद संगणक, बाकं, जुना प्रोजेक्टर या सगळ्यांपुढे आधीच्या शिक्षकांनी ‘निकामी’ लिहून ठेवलं आहे. निर्लेखनाचा प्रस्ताव करायचा आहे. तसंच पाठवू का?
(जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक, यवतमाळ जिल्हा)

पाठवू नका, आधी एकेक वस्तू उघडून पाहा. निर्लेखन म्हणजे नोंदवहीतून कायमचं कमी करणं. त्या एका शब्दानंतर वस्तू शाळेची राहत नाही.

चार शब्द वेगवेगळे वापरा. जे आज चालत नाही पण चालू होऊ शकेल, ते ‘नादुरुस्त’. जे चालू होणं शक्य नाही किंवा ज्याचा खर्च नव्या वस्तूइतका होईल, ते ‘निकामी’. चालतं पण तुमच्या शाळेला लागत नाही, ते ‘शाळेस अनावश्यक’. ते दुसऱ्या शाळेला देता येतं का, ते वरिष्ठांना विचारा. चालतं पण त्यावर आजचं काही चालत नाही, ते ‘कालबाह्य’. तुमचा प्रोजेक्टर बहुधा नादुरुस्त निघेल, कारण त्यात दिवा संपणं हे सर्वांत नेहमीचं दुखणं आहे. बाकांपैकी कितींच्या फळ्या सुटल्यात आणि कितींच्या सांगाड्याचा वेल्ड तुटलाय, ते मोजा. फळी सुटलेलं बाक गावातला सुतार अर्ध्या दिवसात बसवतो.

शेरा असा लिहिता येईल: ‘संगणक, १ नग. वीजपुरवठा होतो, आतील पंखा फिरतो, पडद्यावर चित्र येत नाही. पडदा दुसऱ्या संगणकाला जोडून पाहिला असता चालतो.’ हे वाचून तंत्रज्ञ फोनवरच सांगेल की पहिल्यांदा रॅम काढून साफ करून बसवा. आणि संगणक, प्रोजेक्टर यांपैकी जे खरोखर निकामी ठरेल ते साध्या भंगारवाल्याला देऊ नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच जायला हवं.

प्रश्न : लग्नातली पैठणी बऱ्याच वर्षांनी उघडली, तर घडीवर चिरली आहे. रफूवाला ‘होणार नाही’ म्हणाला. म्हणजे गेलीच का?
(एक वाचक, नाशिक)

रफूवाला खरं बोलला, पण तुम्ही त्याचा अर्थ जास्त घेतला. ‘रफू होणार नाही’ म्हणजे ‘काहीच होणार नाही’ असं नाही.

रफूला आजूबाजूचा धागा धड लागतो. कारागीर साडीच्याच आतल्या काठातून किंवा टोकाकडून धागे ओढून काढतो आणि भोकावर उभे-आडवे विणतो. खिळ्याला अडकून खोंबारा लागला असेल, उंदराने एक जागा कुरतडली असेल, तर रफू सुरेख होतं. घडीवर चिरलेल्या रेशमाचं तसं नसतं. वर्षानुवर्षं एकाच रेघेवर ताण आल्याने तिथला धागाच पिचलेला असतो. अशा कापडाला आपण विरलेलं म्हणतो. विरलेल्याला रफू केलं तर नवा धागा जुन्याला कापत जातो आणि शेजारी दुसरी चीर पडते.

त्याला अस्तर हवं. साडीच्या रंगाचं पातळ मऊ रेशीम किंवा सुती मलमल मागून लावायची आणि चिरेच्या दोन्ही बाजूंना लांब, सैल टाके घालून ती धरून ठेवायची. साडी नेसता येईल की नाही, हे चिरा किती आणि कुठे यावर ठरेल. निऱ्यांत लपत असतील तर येईल, खांद्यावर येत असतील तर नाही. नेसता आली नाही तरी पदर आणि काठ शाबूत असतील, तर नव्या रेशमावर ते उतरवता येतात. जरीचे काठ काळवंडले असतील तर घाबरू नका, जरीतली चांदी हवेतल्या गंधकाने काळी पडते. घरच्या घरी लिंबू, चिंच, टूथपेस्ट असलं काही चोळू नका. पुढे ठेवताना मऊ सुती कापडात गुंडाळा आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या जागी घाला. जरीसाठी साडी विकत घेणारे दारावर येतात. त्यांच्या हिशेबात तुमच्या पदरावरच्या मोरांना काही मोल नसतं, एवढं लक्षात असू द्या.

प्रश्न : आमच्या देवळाच्या जीर्णोद्धाराचा ठराव झाला आहे. जांभ्याच्या भिंती, लाकडी सभामंडप. कंत्राटदार म्हणतो, सगळं उतरवून नव्याने बांधू. काही ज्येष्ठांना ते मान्य नाही. ‘जीर्णोद्धार’ म्हणजे नेमकं काय धरायचं? आणि झिजलेल्या मूर्तीचं काय करायचं?
(देवस्थान समितीचे सदस्य, फोंडा, गोवा)

तुमच्या ठरावातली अडचण हीच आहे की या एका शब्दाखाली हल्ली चार वेगळी कामं होतात. जे आहे ते तसंच राखणं, म्हणजे जतन. सुटलेलं, ढासळलेलं पुन्हा बसवणं, म्हणजे डागडुजी. पडून गेलेला भाग त्याच साहित्याने, त्याच पद्धतीने उभारणं, म्हणजे पुनर्बांधणी. आणि पाडून दुसरं बांधणं, म्हणजे नवं बांधकाम. ‘जीर्ण’ म्हणजे जुनं होऊन झिजलेलं, आणि जे झिजलंय त्याचा उद्धार करायचा आहे. चौथ्या कामाला हा शब्द लावणं मला अजिबात पटत नाही. अहिल्याबाई होळकरांनी काशीपासून देशभर केलेल्या कामांमुळे या शब्दाला जी पुण्याई लाभली, ती कंत्राटदाराच्या सोयीसाठी खर्च होऊ नये.

ठराव पुन्हा लिहा आणि प्रत्येक भागापुढे वेगळा शब्द येऊ द्या. भिंती: जांभा आतून घट्ट आहे का ते पाहा. बहुतेक ठिकाणी दगड शाबूत असतो आणि सांध्यांतला चुना झडलेला असतो. तिथे लिहा ‘दरजा चुन्यात भरणे’. सिमेंटचा गिलावा देऊ नका. जांभा पाणी पितो आणि हवेत सोडतो. वरून सिमेंट चढवलं की ओल आत कोंडते, क्षार साचतात आणि दगडाचाच भुगा होऊ लागतो. आधी कुणी सिमेंट लावून ठेवलं असेल तर ते काढणं हीच पहिली दुरुस्ती. छप्पर: कौलं फुटली की फक्त सरकली? वासे कुजले की फक्त त्यांची टोकं? सभामंडप: खांबावर लाकडी हातोडीने बुंध्यापासून वरपर्यंत ठोकत जा. आवाज भरीव आला तर लाकूड धड, बद्द आला तर आत पोखरलंय. फार वेळा खांबाचा फक्त पाय कुजलेला असतो, कारण तिथे फरशीची ओल लागते. तेवढा भाग कापून त्याच जातीचं लाकूड खाली सांधता येतं, आणि वरचं कोरीवकाम वाचतं. तेव्हा ‘खांब कुजले’ असं लिहू नका; ‘चार खांबांचे पाय कुजले, वरील भाग भरीव’ असं लिहा.

मूर्तीचंही विचारलं आहे. पाषाणाची मूर्ती झिजली, तर वज्रलेपाची, म्हणजे झीज थांबवणारा घट्ट लेप देण्याची, परंपरा आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, वज्रलेपाची कृती दिली आहे: कच्ची टेंभुर्णीची फळं, कच्ची कवठं, सावरीची फुलं वगैरे पाण्यात आटवून, त्यात गुग्गुळ, बिब्बा, राळ, अळशी असे पदार्थ घालायचे. आज हे काम तज्ज्ञ रसायनांनी करतात. पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीवर २०२० मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने असा लेप दिला. गावातल्या कुणी हौसेने इपॉक्सी किंवा तैलरंग लावू नये, ही कळकळीची विनंती.

कारण वाचवण्याच्या घाईतही वस्तू बिघडते. अजिंठ्याच्या चित्रांचे पोपडे सुटत होते, म्हणून हैदराबाद संस्थानाने १९२० ते १९२२ दरम्यान इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन जाणकार आणले. त्यांनी सुटणारे थर भिंतीला पक्के केले, त्यामुळे बरीच चित्रं टिकली. पण वर त्यांनी लाखेचं वॉर्निश दिलं. ते काळाने पिवळं पडलं, मग काळवंडलं, आणि ते हळूहळू काढण्यात पुढच्या रसायनतज्ज्ञांची वर्षानुवर्षं गेली. म्हणून जतनाच्या क्षेत्रात आता एक कसोटी लावतात: उद्या कुणाला ही दुरुस्ती काढून टाकायची झाली, तर मूळ वस्तूला धक्का न लावता काढता येईल का? तुमच्या ठरावात ‘काढता येण्याजोगी दुरुस्ती’ हे शब्द घाला. चुना या कसोटीला उतरतो. सिमेंट आणि इपॉक्सी उतरत नाहीत.

प्रश्न : देवघरातले टाक झिजून चेहरे दिसेनासे झालेत. ‘झिजलेले’ म्हणू की ‘भंगलेले’?
(एक वाचक, बारामती)

झिजलेले. भंगलेला म्हणजे तडा गेलेला किंवा तुकडा निघालेला. पत्रा अखंड असेल तर सोनार तो उजळून ठसे पुन्हा उठवून देऊ शकतो का, ते विचारा. पत्रा फारच पातळ असेल तर ठसा उठवताना फाटतो, मग त्याच चांदीत भर घालून नवे घडवतात. चांदी तीच वापरा असं सोनाराला बजावा आणि समोर आटवून घ्या.

प्रश्न : पुराच्या पाण्यात वाचनालयाची जुनी दप्तरं आणि काही पोथ्या सापडल्या. पंचनाम्यात सरसकट ‘भिजून नष्ट’ असं आलं. त्यातलं काही वाचेल का? आणि पुढच्या वेळी नोंद कशी करायची?
(वाचनालयाचे कार्यवाह, सांगली जिल्हा)

२०१९ आणि २०२१ च्या पुरांनी कृष्णाकाठची आणि कोकणातली कितीतरी कपाटं पाण्याखाली गेली, आणि ‘भिजून नष्ट’ या दोन शब्दांनी त्यातली पुष्कळशी कायमची गेली. ‘भिजून’ ही हकिगत आहे, ‘नष्ट’ हा निवाडा. दोन्ही एका दमात येता कामा नये.

भिजलेल्या कागदाच्या पायऱ्या आहेत. ‘ओलावलेली’, म्हणजे पाणी लागलं नाही, दमट हवेने मऊ झाली. पंख्याखाली उभी उघडून ठेवली की सुटतात. ‘कडा भिजलेली’, म्हणजे पानं सुटी आहेत, आत कोरडं आहे. दर काही पानांमागे टीपकागद किंवा छपाई नसलेला कोरा कागद घालून तो बदलत राहायचं. ‘पूर्ण भिजलेली’, म्हणजे पानं एकमेकांना धरू लागलीत. इथे वेळ महत्त्वाचा. दोन दिवसांच्या आत बुरशी धरते. सगळं एकदम वाळवता येत नसेल तर पिशवीत घालून गोठवून ठेवा. गोठलेला कागद थांबतो, बुरशी वाढत नाही, आणि नंतर सवडीने एकेक गठ्ठा काढून वाळवता येतो. गावात आइस्क्रीमवाल्याचा, मासळीवाल्याचा शीतकपाट असेल तर तो मागा, लाजू नका. ‘बुरसलेली’, म्हणजे वेगळी काढा, हातमोजे आणि तोंडाला फडकं बांधून हाताळा, इतरांत मिसळू नका. ‘पानं चिकटलेली’, म्हणजे जबरदस्तीने सोडवू नका, तज्ज्ञांसाठी तशीच ठेवा. गुळगुळीत, चकचकीत कागद वाळताना विटेसारखा एकजीव होतो, तो आधी हातात घ्या. आणि ‘लगदा झालेली’ ही शेवटची पायरी. ती खरी नष्ट.

हातकागदावरच्या जुन्या पोथ्या पुष्कळदा गिरणीच्या कागदापेक्षा तग धरतात. काजळीची शाई पाण्यात पसरू शकते, म्हणून ओलं पान पुसायचं नाही, टीपकागद नुसता टेकवायचा. कडक उन्हात वाळवू नका, पानं वाकडी होतात. इस्त्री नको. सेलोटेप तर मुळीच नको, तिचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात उतरतो. लॅमिनेशनही नको, एकदा केलं की ते परतवता येत नाही. फाटलेल्या पानाला जपानी टिश्यू आणि गव्हाच्या किंवा तांदळाच्या पिठाची पातळ खळ वापरतात, कारण ती पाण्याने पुन्हा सुटते.

पुढच्या वेळी पंचनाम्याला बसाल तेव्हा या सहा शब्दांचे सहा ढीग करा, प्रत्येक ढिगावर कागदाची चिठ्ठी ठेवा आणि तलाठ्यांना विनंती करा की संख्या ढिगानुसार नोंदवावी: ‘ओलावलेली अमुक, कडा भिजलेली अमुक, लगदा झालेली अमुक.’ नुकसानभरपाईचा आकडा लगद्यावरून निघेल. बाकीचे पाच ढीग कुणीही ट्रॅक्टरमध्ये भरू लागलं तर तिथेच थांबवा, आणि पहिल्या रात्री ‘पूर्ण भिजलेली’चा ढीग गोठवायला पाठवा.